पुस्तकांच्या खोलीतली मोरी

माझा नवरा बरीच वर्षं एका बचाव जहाजावर इंजिनियर होता. समुद्रातल्या तेलविहिरींजवळ ते जहाज नुसतं उभं असायचं. विहिरीवर काम करणारा कोणी पाण्यात पडला तर त्याला बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम. महिनेच्या महिने काही घडायचं नाही. "आमचा धंदा बसला की समजायचं, देव पावला," असं तो म्हणायचा.

जहाज जुनं झालं तेव्हा एका परदेशी श्रीमंताने ते विकत घेतलं. त्याला त्यातून बर्फाच्या समुद्रापर्यंत जाणारी यॉट करून हवी होती. काम चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरपलीकडच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात निघालं आणि जहाजाची नस न् नस ठाऊक असलेला माणूस म्हणून नवऱ्याला देखरेखीवर घेतलं. म्हणून आम्ही चेन्नईला आलो. टी. नगरमध्ये एका साड्यांच्या दुकानावर आमचं घर होतं. संध्याकाळी तो यायचा तेव्हा त्याच्या केसांत गंजाची पूड असायची.

जहाजाच्या पोटात एक खोली होती. समुद्रातून काढलेल्या माणसांना आधी तिथे आणत. ती भिजलेली असत, म्हणून त्या खोलीच्या जमिनीत मोरी होती. एकदा विहिरीवरून पडलेला एक रंगारी त्या खोलीत माझ्या नवऱ्याच्या मांडीवर गेला. "त्याच्या कपड्यांतलं पाणी कितीतरी वेळ मोरीतून जात होतं," त्याने मला एकदाच सांगितलं होतं. "मला वाटत होतं, पाण्याचा आवाज येतोय तोवर तो आहे."

नव्या नकाशात त्या खोलीचा बार होणार होता. नवरा कधी भांडत नसे, पण यावर अडून बसला. शेवटी तिथे वाचनालय करायचं ठरलं. मी सदा पुस्तकात डोकं घालून बसणारी, त्यामुळे ती कल्पना अर्थात माझ्यावरूनच त्याला सुचली. मालकाला ती आवडलीही. मोरी मात्र कोणालाच समजेना.

"सार, पुस्तकं अंघोळ करणार का?" यार्डातल्या फोरमनने विचारलं. हा तमिळ गृहस्थ वयाने आमच्याहून मोठा, खांद्यावर कायम टॉवेल.

"मालक भिजून आला तर?"

"भिजून आला तर बाथरूमात जाईल. सोन्याचे नळ लावतोय आपण तिथे."

हे संवाद नवरा घरी जेवताना नक्कल करून सांगायचा. हसायचा, आणि मग म्हणायचा, "पण मोरी राहणार. गालिच्याखाली राहीना का, उघडी राहिली पाहिजे."

काम अर्ध्यावर असताना तो आजारी पडला. पोटाचं दुखणं निघालं आणि ते फार पुढे गेलेलं होतं. फोरमन मोसंबी घेऊन इस्पितळात आला. नवऱ्याला बोलवत नव्हतं, तरी त्याने तेच विचारलं.

"उघडी आहे, सार," फोरमन म्हणाला. "मी स्वतः पाणी ओतून बघितलं. सरळ खाली गेलं."

नवऱ्याने डोळे मिटले. फोरमन गेल्यावर मला म्हणाला, "तू एकदा बघून ये हं."

तो असेपर्यंत मला जाता आलं नाही. सगळे विधी आटोपल्यावर गेले. जहाज धक्क्याला लागलं होतं. त्याचा केशरी रंग जाऊन ते पांढरंशुभ्र झालं होतं. शिडीपाशी दृष्ट लागू नये म्हणून फोडलेल्या कोहळ्याचे तुकडे सुकत पडले होते. फोरमन पुढे चालत होता, मी मागे. खोलीत कपाटं बसली होती. लाटांत पुस्तकं पडू नयेत म्हणून प्रत्येक फळीला आडवी पट्टी होती. गालिचा अजून घातला नव्हता.

विधींच्या वेळी तिलांजली दिराने दिली. मी मागे उभी होते. मला माझ्या हाताने पाणी सोडायचं होतं, आणि ते याच मोरीत. मी पिशवीतली बाटली काढली. फोरमनने मला अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मी वाकून पाणी ओतलं.

पाणी गेलं नाही. मोरीच्या तोंडावर गोल पत्रा वेल्डिंग करून बसवलेला होता. पाणी त्यावर पसरलं आणि तिथेच थांबलं.

"मालकाच्या माणसांनी बंद करायला लावली, अम्मा," तो म्हणाला. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, पण हे समजलं. "सार आजारी पडले त्याच आठवड्यात."

"मग इस्पितळात तुम्ही..."

"तिथे काय सांगणार होतो?"

फोरमनने खांद्यावरचा टॉवेल काढला, गुडघे टेकले आणि ते पाणी टिपलं, थेंब न ठेवता. मग ओला टॉवेल दोन्ही हातांत धरून तो जिना चढून डेकवर गेला. मीही गेले. कठड्याशी उभं राहून त्याने तो समुद्रावर पिळला. खाली पाण्यात पाणी पडल्याचा आवाज आला. तो आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.