रुळाच्या पल्याडची चूल

जलंब स्टेशनात जानराव एकतीस वर्षं पॉइंट्समन होते, पण रिटायर झाल्यावरही गाडीने त्यांचा पिच्छा काही सोडला नाही. खामगावात घर केलं आणि वर्षभरात बैठकीच्या खोलीत प्लायवूडवर जलंब-खामगाव लाइन उभी राहिली. इंजिन मुलाने, दीपकने, पुण्याहून आणलेलं. बाकी सगळा कारभार काडेपेट्यांचा, सुतळीचा आणि जुन्या गादीतल्या कापसाचा.

खामगाव म्हटल्यावर रुळाकडेला कापसातली सरकी काढणारं जिनिंग हवंच. जिनिंग आलं की मजुरांसाठी चहाचं हॉटेल आलं. आणि हॉटेल आलं की ते कुणाचं, कसं सुरू झालं, हे सांगणारी चिठ्ठी हवी. नुसती खेळणी मांडायला जानराव काही लहान नव्हते. त्यांनी सरळ शेजारच्या केसरबाईंचं आयुष्य उचललं. नवरा गेल्यावर उंद्रीहून आलेली बाई, जिनिंगच्या मजुरांसाठी एका चुलीवर हॉटेल टाकते आणि तीन मुली शिकवते. पुढे त्या जिनिंगला आग लागली होती, आणि महिनाभर लोकांनी खापर केसरबाईंच्या चुलीवर फोडलं होतं. तेवढं मात्र जानरावांनी शहाणपणाने गाळलं. कशाला उगाच खपली काढा?

उद्या हे सगळं वाचनालयाच्या प्रदर्शनात जाणार होतं. न विचारता बाईचा संसार चव्हाट्यावर मांडला, ही धास्ती त्यांना सकाळपासून खात होती. शेवटी त्यांनी केसरबाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग वाकून हॉटेल पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“जानरावभाऊ, चूल जिनिंगच्या फाटकाच्या आत काऊन मांडली?”

जागा तिथेच उरली होती म्हणून, असं जानरावांनी खरं सांगून टाकलं. सारा जन्म जलंबला गेलेला, जिनिंगच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाईंनी मग समजावलं. कापसाच्या आवारात विडीसुद्धा चालत नाही. चूल रुळाच्या पल्याड असायची, आत जायची ती फक्त किटली. चौकशीच्या साहेबांनी चुलीपासून फाटकापर्यंत टेप लावून मोजलं, आणि दोष वायरचा निघाला, तेव्हा कुठे त्या सुटल्या.

“तवा लोकं म्हनत, केसरबाईनं कापूस पेटवला. उद्या हे पाहून पुन्हा म्हनतीन.”

जानरावांना घाम फुटला. आग लपवायच्या नादात त्यांनी तोच आळ बाईंवर चिकटवला होता, आणि तोही फेविकॉलने. कोमट पाण्याचा बोळा, ब्लेड, पुन्हा बोळा. अर्ध्या तासाने चूल सुटली, खालचा थोडा रंग घेऊन. ती रुळाच्या पल्याड बसली. बाईंनी आणखी दोन बोटं मागे सरकवायला लावली, मग मान हलवली. जानरावांचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं त्यांना रिटायर झाल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चिठ्ठी नको असेल तर काढून टाकतो, असं ते म्हणाले. बाई दारात थांबल्या.

“राहू द्या. पन आग काऊन गाळली? थे बी लिवा. अन् चूल कुठं होती, थे मोठ्या अक्षरात लिवा.”

जानराव कोरा कागद शोधायला उठले.