हलकं मशीन

आंधळगावच्या आमच्या घरी टाइपरायटर बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर बसलेला असायचा. काळा, लोखंडी, लांब कॅरेजचा. बाबा अर्जनवीस. तहसीलीत लागणारे अर्ज ते घरीच टाइप करून द्यायचे. त्यांची बोटं थरथरायला लागली तेव्हा ते सांगू लागले आणि ताई टाइप करू लागली. पुढं सांगायचीही गरज उरली नाही. लोक सरळ तिच्यासमोर स्टुलावर बसायचे, शेताच्या बांधाची भांडणं सांगायचे.

"बाई, असं लिवा का धुरा माह्या वावरात येते."

ती मान वर न करता म्हणायची, "तुमच्या वावरात येते का दोघांच्या मधात, ते आधी ठरवा."

मी धाकटा. नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. मला घरात बसवत नसे. सकाळी तुमसर, दुपारी मोहाडी, कधी पार बपेऱ्यापर्यंत. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा गोसीखुर्दच्या धरणाची बोलणी गावागावांत सुरू होती, म्हणून तिकडंही चकरा. बातमी हातानं लिहून बसनं पाठवली तरी चालायची. सगळे तसंच करत. पण एकदा भंडाऱ्याच्या स्टँडवर नागपूरचा एक पत्रकार पाहिला. मांडीवर सुटकेसएवढी पेटी, आणि पेटीत मराठी टाइपरायटर. बस येईपर्यंत तो खटखट करत बसला होता आणि माणसं भोवती उभी राहून बघत होती. तेव्हापासून मला चैन पडेना. जेवताना, सायकलवर, बाबा बोलत असताना, डोक्यात ती पेटीच.

तेवढ्यात ताईला भंडाऱ्याच्या एका कचेरीतून टायपिंगच्या परीक्षेचं बोलावणं आलं. पास झाली तर नोकरी. तिचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं होतं. नोकरीवर तिनं सगळा जीव लावला होता. अशा परीक्षेला तेव्हा मशीन आपलं आपण न्यावं लागे. मी तेच निमित्त धरलं.

"एवढं धूड बसमधी चढवन कोण?" मी बाबांना म्हटलं. "हे देऊन टाकू, पोर्टेबल घेऊ. ताईच्याच कामाचं हाय."

ताई म्हणाली, "माहा हात यावरच बसला हाय. स्टँडपर्यंत बैलबंडीत नेऊ, पुढं बसच्या टपावर."

"अन् टपावरून पडलं तर?"

बाबा घाबरले. घाबरवायलाच मी तसं बोललो होतो.

जुनं मशीन दुकानदाराला गेलं, पेटी घरी आली. त्यानंतर घरात काय बदललं ते मला तेव्हाच कळलं होतं, कळलं नाही असं आता म्हणणार नाही. जड मशीन घराबाहेर पडत नव्हतं, म्हणून ते ताईचं होतं. हलकं मशीन जो बाहेर पडतो त्याचं झालं. बाहेर मीच पडत होतो.

अर्जवाले यायचे, रिकामं टेबल बघायचे. "मशीन कुठं हाय बाई?"

"फिरायले गेलं," ताई म्हणायची. मी परतायचो ते बाबा झोपल्यावर; ताई रात्री सराव करत असेल असं ते धरून चालायचे.

परीक्षा जवळ आली तशी ती मागे लागली. "बाबू, उद्या तरी ठेवून जाय. त्याच्या बटना लई जवळ जवळ हायेत रे. माह्या ठोक्यानं अक्षरं एकमेकांत अडकतात."

"उद्या गोसीखुर्दले जायचं हाय. बातमी हाय."

"मंग हातानं लिव ना."

"तुले नाई समजत त्यातलं."

तिला सगळं समजत होतं. एकदा दुपारी अचानक परतलो, तर ती रिकाम्या टेबलासमोर बसून लाकडावर बोटं चालवत होती. ओठांत शब्द पुटपुटत होती, ओळ संपली की डावा हात हवेत सरकवत होती. मी दारातूनच मागं फिरलो. पेटी माझ्या हातातच होती. चहाच्या टपरीवर जाऊन बसलो; तिथंही बसवेना.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेलो. पेटी मीच धरली होती. कचेरीच्या हॉलबाहेर खिडकीशी उभा राहिलो. ताईच्या शेजारच्या मुलीचं मशीन आमच्या जुन्यासारखंच मोठं होतं. तिच्या दोन मामांनी ते पोत्यात घालून, बांबूला टांगून आणलं होतं. दोघं माझ्याजवळच घाम पुसत उभे होते.

घंटा झाली. ताईनं सवयीच्या जोरानं बोटं मारली. ओळ संपली की कॅरेज ढकलायची, आणि त्या धक्क्यानं हलकं मशीन गुळगुळीत टेबलावर सरकायचं. ती ते ओढून घ्यायची, पुन्हा सुरू करायची. अक्षरांच्या काड्या अडकायच्या, त्या बोटांनी सोडवायची. मशीन सरकतं हे मला ठाऊक होतं. मी खाली ओलं फडकं घालत असे. ते तिला सांगायचं राहून गेलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. राहून गेलं नव्हतं. पेटी रोज माझ्याकडंच असते, हा विषयच मला निघू द्यायचा नव्हता. शेजारचं मोठं मशीन जागचं हललं नाही.

घरी आलो तेव्हा बाबा ओसरीत बसले होते. ताईचा चेहरा बघून समजले.

"काहून वो, काय झालं?"

ती बोलायच्या आत मीच बोललो. "मशीनची सवय नव्हती तिले."

"मंग सवय काहून नाई केली?" बाबा तिच्यावर चिडले. "तुह्यासाठीच घेतलं ना ते! घरातलं चांगलं मशीन देऊन टाकलं तुह्यापायी."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. पेटी मीच नेत होतो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. मी पेटीची कडी उगाच उघडत-लावत राहिलो.

"आळस केला बाबा म्या," ती म्हणाली, आणि पाय धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उचलून स्टँडवर गेलो. ती पेटी मागायला घरातलं कुणी आलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.