हिरवी निघालेली रोपं

लढाईच्या दिवसांत शहापुरात सूत मिळेनासं झालं आणि आमच्या घरचे दोन्ही माग थांबले. नवरा सुतासाठी गावोगाव फिरायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. मला स्वस्थ बसवत नव्हतं. लग्नाच्या आधीपासून तुटलेले धागे सांधायचं काम माझ्याकडे असायचं. हाताला काम नसलं की बोटं वळवळायची. गल्लीतला एक जण खानापूरच्या रस्त्याला सरकारी भातशेतीवर मुकादम होता. तिथल्या साहेबांना बारीक कामाच्या बायका पाहिजेत, असं त्यानं सांगितलं. सासू दोन दिवस बोलली नाही. मग पोरीला सांभाळायचं तिनं कबूल केलं.

साहेब निपाणीकडचे, जैन. आकडे कानडीत पुटपुटायचे, बोलायचे मराठीत. दिवस मावळायच्या आत जेवायला घर गाठायचं असे, म्हणून कामही उजाडताच सुरू करत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन वाफे दाखवले. एकात आपलं इकडचं बारीक भात. चवीला चांगलं, पण करपा पडला की पानं जळल्यासारखी होऊन लोंब्या पोचट राहायच्या. दुसऱ्यात घाटाकडून आणलेलं जांभळ्या खोडाचं भात, त्याला करपा काही करत नव्हता. या दोन्हींचं मिळून एक भात त्यांना करायचं होतं.

काम असं होतं. बारीक भाताचं फूल उघडायच्या आत त्याच्या टरफलाचं टोक कातरायचं, आतल्या परागाच्या सहा पिवळ्या पिशव्या चिमट्यानं काढायच्या आणि लोंबीवर मेणकागद बांधायचा. दहाच्या सुमारास जांभळ्याचे पराग आणून त्यावर झाडायचे. "एक पिशवी राहिली तरी ते भात स्वतःचंच बी धरतंय," साहेब म्हणाले, "मग आपण काहीच केलं न्हाय." पुढच्या वर्षी ते ओळखू येणार होतं. खरा संकर झाला असेल तर रोप जांभळं निघणार, नाहीतर हिरवं.

चार दिवसांत माझा हात बसला. लोंबीला बांधायच्या चिठ्ठीवर लोंबीच्या आकड्याशेजारी साहेब माझी खूण म्हणून एक टिंब काढायचे.

एके दिवशी पोरीच्या तापाचा तिसरा दिवस होता. निघताना तिनं माझा पदर धरला होता, तो सोडवून मी आले. हात चालत होते, पण मी घरीच होते. ओळीच्या शेवटाला पोचले आणि ध्यानात आलं, मधल्या चार लोंब्यांचं मला काहीच आठवत नाही. मेणकागद बांधलेले दिसत होते. आतलं सगळं काढलं होतं का? सोडून बघावं म्हणून हात पुढं केला, तेवढ्यात साहेब परागाची बशी घेऊन आले. मी बाजूला झाले आणि पुढच्या ओळीला लागले.

पोरीचा ताप दोन दिवसांत उतरला. माझ्या जिवाची तगमग मात्र सुरूच राहिली. सुगीत त्या लोंब्यांचं बी लहान लहान पाकिटांत भरून कपाटात गेलं. हिवाळाभर मी तिथंच बी निवडायला जात होते. कपाट उघडलं की माझे हात थांबायचे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, कोण बघायला येतंय, गप बस. मला गप बसणं जमत नव्हतं आणि बोलणंही.

पेरणीच्या तोंडाला साहेबांनी पाकिटं टेबलावर मांडली. निम्मं बी पुण्याच्या शेतकी खात्याला पाठवायचं ठरलं होतं, पत्रही लिहून झालं होतं. मी टेबलापाशी गेले.

"साहेब, यातल्या चार पाकिटांचा माझा मलाच भरवसा न्हाय."

त्यांनी कोणती ते विचारलं. मी बोटानं दाखवली. पोरीच्या तापाचंही सांगितलं.

"त्याच दिवशी का बोलला न्हाईसा?"

"कामावरनं काढशीला म्हणून."

"काढलंच असतं," ते म्हणाले. मग त्यांनी पुण्याचं पत्र फाडलं. माझी चारच नाही, टिंबाची सगळीच पाकिटं वेगळी काढली आणि एकेक ओळीनं वेगळी पेरायला सांगितली. हे मला फार लागलं.

रोपं वर आली तसं माझं घरात लक्ष लागेना. उजाडायच्या आत शेतावर पोचायची आणि वाफ्यापाशी बसून खोडं बघायची. पहिले काही दिवस सगळीच सारखी दिसत. मग खोडांवर रंग चढू लागला. माझ्या चार ओळींतल्या तीन हिरव्या निघाल्या, चौथी जांभळी. आणि जिच्याबद्दल मला पक्की खात्री होती, अशी आणखी एक ओळ हिरवी निघाली.

मी ती रोपं उपटत असताना साहेब पलीकडं, त्यांच्या स्वतःच्या हातच्या ओळींत उभे होते. वाकून त्यांनी एकेक खोड बघितलं. शेवटी मला बोलावलं आणि बोट दाखवलं. त्यांच्याही दोन ओळी हिरव्या होत्या.

"ह्यापण उपटा, आक्का," ते म्हणाले. तोवर ते मला बाई म्हणायचे.

त्या हंगामापासून त्यांनी रीत बदलली. मेणकागद बांधायच्या आधी त्यांची लोंबी मी भिंग लावून बघायची आणि माझी त्यांनी. त्यांची चूक सापडली तर पहिल्यांदा मी भिंगच त्यांच्यापुढं धरायची. ते नुसते मान हलवून परत चिमटा घ्यायचे.

जांभळ्या रोपांचं बी आम्ही पुढं तीन-चार हंगाम पेरत गेलो. त्यातली काही करप्यात उभी राहिली. पण तांदूळ जाड निघाला. खानापूरकडच्या दोन घरी मी तो शिजवायला दिला, तर बायकांनी घास खाऊन ताट सरकवलं. घरच्याला असलं घालून राबायला पाठवायचं व्हय, असं एकीनं मला तोंडावर विचारलं. मी तसंच साहेबांना सांगितलं. त्यांनी त्या भाताचा पुन्हा बारीक भाताशी मेळ घालायला घेतला, म्हणजे पुन्हा तेवढीच वर्षं.

दरम्यान सूत मिळू लागलं. माग चालू झाले आणि नवऱ्यानं मला घरी बसायला सांगितलं. मी मागावर बसले, पण डोकं शेतावरच असायचं. कोणत्या वाफ्यात फूल आलं असेल, माझ्या जागी कोण कातरत असेल. दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी चिमटा पदराला बांधला. भात फुलतंय तेवढे दिवस मला मागावर धरू नका, एवढं घरात सांगितलं आणि खानापूरच्या रस्त्याला लागले.