लंकाबाईंचा डबा

वैजनाथचं इंटरनेटचं दुकान माझ्या पिठाच्या गिरणीला लागून आहे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघर वायर ओढली ती त्यानेच. माणूस शांत, आणि इतका सरळ की कधीकधी मलाच त्याचा राग येतो.

आधी तो एका कंपनीची टीव्हीची केबल चालवायचा. त्या कंपनीचा डबा फक्त तिच्याच केबलवर चाले. कंपनी बुडाली आणि लोकांनी पदरचे पैसे घालून घेतलेले डबे निकामी झाले. शिव्या खाल्ल्या वैजनाथने. तेव्हापासून त्याने एक धरून ठेवलं: राउटर द्यायचा तो कुणाच्याही लाईनवर चालणारा, आणि पासवर्ड घेणाऱ्याच्या हातात.

यंदा दुसरी एक मोठी कंपनी गावात आली. राउटर फुकट, पण चालणार फक्त तिच्याच लाईनवर. लोक भराभर तिकडे वळले. वैजनाथची बायको पंकजा हवालदिल झाली.

"उरलेल्यांचे डबे तरी आपल्या लाईनला लॉक करा," ती म्हणाली. "मग कुठं जातील?"

मीही तिच्याच बाजूचा. धंदा बसल्यावर चांगुलपणा काय चाटायचाय?

"डबा त्यांचा हाय," एवढंच तो म्हणाला.

आमच्याकडची बरीच घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. त्यातल्या लंकाबाईंनी गेल्या हंगामात कमालच केली. नेट डब्यातच असतं असं समजून त्यांनी राउटर गोधडीत गुंडाळला आणि थेट कोपरगावला नेला. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत लावला, दिवे लागले, नेट काही येईना. लेक स्नेहल पुण्यात नर्सिंगला. संध्याकाळी तिचं तोंड दिसल्याशिवाय यांना घास गोड लागत नाही, आणि कोपीत मोबाईलला रेंज नाही. शेवटी सडकेवर येऊन त्यांनी वैजनाथला फोन केला. तो हसला नाही. तिथल्या नेटवाल्याचा नंबर मिळवून त्याच्याकडून त्याची वायर लंकाबाईंच्याच डब्याला जोडवून घेतली.

म्हणून यंदा कंपनीचा माणूस दारात आला तेव्हा लंकाबाईंनी विचारलं, "कोपरगावात चालंल का?" तो नाही म्हणाला. त्यांच्या आळीत वैजनाथकडे त्या एकट्याच राहिल्या.

"हिचा तरी लॉक करा," पंकजा काकुळतीला आली. "सहा महिने दुसऱ्याला बिल भरंल. तिकडंच सवय लागली म्हंजे?"

निघायच्या सकाळी वैजनाथ त्यांच्या घरी गेला. शिडी धरायला मी होतो. त्याने वायर काढली आणि डबा लंकाबाईंच्या हातात दिला.

"वैजू, मी तिकडं दुसऱ्याची लाईन घेते. राग तर न्हाई ना येत?"

"येतो मावशी. वाईटबी वाटतं. पन डबा तुमचा हाय, खुशाल न्या."

त्यांनी डबा गोधडीत गुंडाळला. दाराला कुलूप लावलं. घराची किल्ली दरसाल शेजारच्या दिराकडे असायची, आणि तो ओट्यावर उभाच होता. लंकाबाईंनी ती वैजनाथच्या हातावर ठेवली.

"घराकडं ध्यान ठेव," म्हणाल्या आणि ट्रॅक्टरकडे चालू लागल्या.

दुपारी पंकजाने ती किल्ली देवघराच्या खिळ्याला अडकवली. डबे लॉक करायचं तिने पुन्हा काढलं नाही. मीही नाही.