वच्छलेची काचपेटी

वच्छलेला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. वडनेरला बापाच्या घरी होती तेव्हा लुगडी काकू आणायची. लग्न मामानं ठरवलं. वर्ध्याला सासरी आली तर भाजी कोणती करायची हे सासू सांगायची आणि दोन्ही मुलींची नावं रीतीप्रमाणे नणंदेनं ठेवली. निवडणं हे काम तिच्या वाट्याला आलं ते तांदूळ, डाळ आणि मेथीपुरतं. बावन्न साली मत द्यायला गेली, तेव्हा मनोहररावांनी रस्ताभर तिच्याकडून चिन्ह पाठ करून घेतलं होतं. पुढं छप्पन साली तर अख्खा जिल्हाच मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला. जिल्ह्यालाही कोणी विचारलं नाही म्हटल्यावर वच्छलेनं कशाला मनाला लावून घ्यावं?

पण अशी ही बाई एका गोष्टीसाठी हट्टाला पेटली, आणि पेटली ती पेटलीच.

झालं असं, की नागपूरला मनोहररावांच्या मावसभावाचं लग्न होतं. बिऱ्हाड रेल्वेच्या वसाहतीत. शेजारी घोषबाबू म्हणून एक बंगाली गृहस्थ राहत. गाडीवर गार्ड होते, कलकत्त्याहून येताना रंगीत मासे घेऊन येत आणि घरच्या व्हरांड्यात टाक्यांमध्ये वाढवत. वच्छला हळदीच्या गडबडीत पाणी मागायला म्हणून त्यांच्याकडं गेली आणि खिडकीतल्या काचेच्या पेटीसमोर उभी राहिली. उन्हाची तिरीप पाण्यात उतरली होती. तीत बोटाएवढ्या लाल मासोळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, शेपटीचा पंखा करून फिरणाऱ्या. इकडं नवरदेव हळदीला बसला, बायकांनी वच्छलेच्या नावानं हाका मारून घसा कोरडा केला, पण वच्छला काही हलली नाही. पाणी तर ती मागायचंच विसरली.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आपल्या घरी तशी पेटी पाहिजे."

मनोहरराव कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण बायकोला काही पाहिजे असू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते हसले. "मासोया कोनी पाळतेत का? खानारे खातेत, न खानारे दुरून जातेत. आपन दुरून जानाऱ्यातले."

"मी पाळतो म्हनून राह्यली ना. खातो नाई म्हनत."

तो विषय तिथं संपला असं मनोहररावांना वाटलं. तो वर्षभर चालला. वच्छला भांडली नाही, रुसली नाही. जेवण वाढताना, कपडे घडी करताना, देवळातून येताना तेवढं एकच वाक्य म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणायची. शेवटी मनोहरराव कंटाळून म्हणाले, "घे बाई, आन तुह्या मासोया. पन घरात एक बी मेलेली तरंगली, तं पेटी बाहीर."

वच्छलेनं पदर खोचला. कंदील आणि चाळण्या करणाऱ्या हरिदासकडून लोखंडी चौकट करून घेतली. तिच्यात काचा बसवल्या, जवसाच्या तेलात खडूची पूड मळून सांधे भरले. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ओसरी धुऊन निघाली. तिनं पेटी रिकामी केली, सगळे सांधे खरवडले आणि पुन्हा भरले. दुसऱ्यांदा एकाच कोपऱ्यातून झिरपलं, तोही खरवडला. मग रेतीसाठी बसनं पवनारला गेली. शेजारणींना वाटलं, आश्रमात दर्शनाला गेली असेल. ही तिकडं न वळता सरळ धाम नदीत उतरली आणि पिशवीभर रेती नि पाणवनस्पतींच्या जुड्या घेऊन, ओल्या लुगड्यानं, सगळ्या बसच्या नजरा झेलत परत आली.

मग नवरा-बायको नागपूरला गेले. घोषबाबूंनी टाक्यांवरचं गोणपाट बाजूला केलं. मनोहररावांनी लगेच बोट दाखवलं, "ते सोनेरी द्या." घोषबाबूंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते वच्छलेला म्हणाले, "बोलो बहूजी, कौन-सा देगा?"

वच्छलेनं मागं वळून पाहिलं. विचारणं आपल्यालाच आहे, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र तिनं सगळ्यांचा अंत पाहिला. चहा झाला, दुसरा चहा झाला, मनोहररावांनी वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचून काढलं. ती एकेका टाकीपाशी उकिडवी बसून पाहत होती, पान-पान उलटून मेथी पाहावी तशी. सोनेरी तिनं घेतले नाहीत. कारण ते बाकीच्यांना ढोसत होते. लाल तलवारशेपट्या घेतल्या, पट्ट्यांच्या घेतल्या, आणि सगळ्यांत शेवटी कोळशासारख्या काळ्याभोर मॉली.

"काया काऊन?" मनोहररावांनी विचारलं. "रंगीत पाह्याले आलतो ना आपन?"

"मले आवडल्या," वच्छला म्हणाली. एवढं कारण पुरतं, हे तिलाही त्या दिवशीच कळलं.

घोषबाबूंनी निघताना एकच गोष्ट बजावली: रोज तळातलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं, चांगलं पाणी घालायचं.

चांगलं पाणी! इथंच तर सगळा घोटाळा झाला.

सासूबाई शकुंतलाबाई, ज्यांना वच्छला आत्याबाई म्हणायची, त्यांनी आधी मासोळ्यांच्या नावानं नाक मुरडलं होतं. वास येईल, विटाळ होईल, काय काय होईल. पण पेटी ओसरीवर मांडली, दोन्ही नाती काचेला नाक लावून बसल्या, आणि म्हातारीही हळूच पाट सरकवून तिथं बसू लागली. मग तिनं ठरवलं, की घरात जीव आणलाच आहे तर त्याला हलकंसलकं पाणी द्यायचं नाही. घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी कोणतं? तर देवघरातल्या तांब्याच्या गुंडातलं, म्हणजे मोठ्या घागरीतलं. तो गुंड तिच्या माहेरच्या आंदणातला. रोज संध्याकाळी चिंचेनं घासून लख्ख करायचा, रात्रभर पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते आधी देवाला आणि मग घरातल्या माणसांना. आता देवानंतर मासोळ्या. म्हातारी रोज सकाळी गुंडातलं पाणी कळशीत घेऊन, पुटपुटत, पेटीत ओतू लागली. वच्छलेला ते पाहून भरून आलं. आत्याबाईंनी आपलं मानलं, असं वाटलं.

मासोळ्या मात्र मरू लागल्या. आधी पट्ट्यांच्या गेल्या. मग लाल तलवारशेपट्या पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागल्या, त्याही गेल्या. वच्छला त्यांना फडक्यात गुंडाळून परसात पुरायची आणि परत पेटीपाशी यायची. तिनं दाणे कमी केले, पेटी उन्हातून सावलीत नेली, रेती उकळून घेतली. आत्याबाईंना आणखीच कळवळा आला. त्यांनी पाणी वाढवलं.

मनोहररावांनी आपल्या बोलण्याची आठवण करून दिली. "तुले सांगतलं होतं मी. आता रयवारी ह्या उरल्यासुरल्या पवनारले नेऊन सोडून दे. जीव तं वाचन त्यायचा."

वच्छला पेटीपाशी जाऊन उरलेल्या मोजू लागली. आजवर तिच्या मनासारखी झालेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मरत होती.

त्याच आठवड्यात आत्याबाई लेकीकडं जाम गावाला गेल्या. पेटीत पाणी घालायचं काम वच्छलेकडं आलं. देवघरात तिला सोवळ्याशिवाय जायची सोय नव्हती, म्हणून ती रांजणातलं, विहिरीचं पाणी घालू लागली. उरलेल्या काळ्या मॉली दोनेक दिवसांत तळातून वर आल्या आणि दाणे टिपू लागल्या. वच्छलेला वाटलं, संकट टळलं. आत्याबाई परत आल्या, दुसऱ्या सकाळी नेमानं कळशी पेटीत रिती केली, आणि दुपारपर्यंत त्याच मॉली तोंड वर काढून धापा टाकू लागल्या.

वच्छला पेटीसमोर बसून राहिली. मग उठली आणि देवघराच्या दारातून त्या लखलखीत गुंडाकडं बघत राहिली. मासोळ्या कशानं मरतात, हे कळलं होतं. आता ते म्हातारीला सांगायचं कसं? सासूच्या माहेरचा गुंड, देवाचं पाणी, आणि तेही प्रेमानं घातलेलं. हे बोलणं या घरातल्या कोणत्या सुनेला शोभलं असतं?

दुसऱ्या सकाळी आत्याबाई कळशी घेऊन आल्या. वच्छलेनं पेटीवर आडवा हात धरला.

"आत्याबाई, हे पानी मी यात घालू देनार नाई."

म्हातारीनं कळशी कमरेवर घेतली. "काऊन? माह्या हातचं पानी जहर हाये का?"

"तुमच्या हातचं नाई. तांब्याचं. मासोयायले तांबं सोसत नाई."

"देवाले सोसते, मले सोसते, अन् तुह्या मासोयायले नाई सोसत?" आत्याबाईंचा आवाज चढला. तो ऐकून मनोहरराव आले. आईची बाजू घ्यायची म्हणून ते कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन गटागटा प्याले. "पाय, मी मेलो का?"

"तुमी काई मासोळी नाई ना," वच्छला म्हणाली. मुली खुदकन हसल्या आणि बापाचा चेहरा पाहून आत पळाल्या.

आत्याबाईंनी कळशी खाली आपटली. "मंग दाखव! टाक एक मासोळी माह्या गुंडात. मेली तं तू खरी, जगली तं मी खरी."

ते सोपं होतं. एक मासोळी टाकली असती तर संध्याकाळपर्यंत निकाल लागला असता. वच्छलेनं पेटीत पाहिलं. तिघी होत्या. तिघीही तिनं निवडलेल्या.

"नाई टाकत," ती म्हणाली. "मले कोनाले पटवाचं नाई. खरं बी ठराचं नाई. ह्या माह्या मासोया हायेत, अन् यायले कोनतं पानी द्याचं ते मी ठरवीन. तुमचा राग मले सोसन, पन हे पानी यात पडनार नाई."

हात तसाच आडवा होता.

म्हातारीनं अबोला धरला. वच्छलेनं दिवसभर खपून पेटीतलं सगळं पाणी उपसलं, रेती विहिरीच्या पाण्यानं धुतली, नवीन पाणी भरलं. रविवार आला. मनोहरराव पवनारला जायला पिशवी घेऊन दारात उभे राहिले. वच्छला चुलीपुढून उठली नाही. शेवटी ते एकटेच बाजारात गेले. दुसऱ्या रविवारी त्यांनी पिशवीचं नावही काढलं नाही. मॉली जगल्या. आत्याबाई पाट घेऊन बसायच्या त्या मात्र आता पेटीकडं पाठ करून.

एका सकाळी ओसरीवर आरडाओरडा झाला. वच्छला भाकरी थापत होती. "मायवं! मनोहर, पाय रे, बायंत झाली! अंडे नाई, काई नाई, थेट लेकरं!" आत्याबाईंचा आवाज. पाठ करून बसणारी म्हातारी पेटीत बघत असायची तर!

मनोहरराव धावत गेले. जिऱ्याएवढी काळी पिल्लं पानांआड थरथरत होती, आणि एक मोठी मॉली त्यांच्या मागं लागली होती. मनोहररावांनी बाह्या सरसावल्या. "खाऊन टाकन ते त्यायले! काढू का बाहीर? कशात ठेवू?"

"हात नोको लावू!" म्हातारी कडाडली. मग तिचा आवाज खाली आला. महिनाभर जे नाव तिनं घेतलं नव्हतं ते तिच्यानं तेव्हाही घेववलं नाही. "तिले इचार," ती म्हणाली.

मनोहरराव स्वयंपाकघराच्या दारात आले. काय विचारायचं आणि कसं, याची त्यांना सवय नव्हती. ते उंबऱ्यावर घुटमळले.

"काय करू मी?" त्यांनी विचारलं.

वच्छलेनं पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवले नाहीत.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मले पाहू द्या."