न छापलेलं वाचणारे दाजी

छापलेलं सगळेच वाचतात. न छापलेलं वाचणारा माणूस साऱ्या जुन्नर तालुक्यात एकच, आमच्या आक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी. एकाच औषधावरचे जगभरचे अभ्यास गोळा करायचे आणि सगळ्यांचा मिळून एक निष्कर्ष काढायचा, ही त्यांची नोकरी. ती ते राजुरीत कांद्याच्या चाळीला पाठ टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, आभाळाकडं बघत करतात. काय बघताय विचारलं तर म्हणतात, "राव, ह्या अभ्यासवाल्यांनी मोजल्या पाच गोष्टी, छापल्या दोनच. जमल्या तेवढ्याच! बाकीच्या तीन कुठं भटकत असतील?" त्या तिघींसाठी ते लांबलांबच्या डॉक्टरांना पत्रं धाडतात. उत्तर नाहीच आलं, तर दडवलेलं फारसं जमलं नसावं असं धरून गणित मांडतात आणि औषधाचा एकूण गुण खाली आणतात.

ही खोड गावातही सुटत नाही. बियाणंवाल्यानं टपरीवर कांद्याचे तीन झकास फोटो दाखवले, तर दाजी झोपेतून उठल्यासारखे म्हणाले, "बाकीच्या वाफ्यांचे दाखवा की!" तो बिचारा अर्धा चहा टाकून पिंपरी पेंढारच्या रस्त्याला लागला. दाजींच्या पुतणीला बघायला आलेल्या पावण्यांनी मुलाची उंची, नोकरी, बागायत सगळं सांगितलं, तर दाजींनी हळूच विचारलं, "सोभावाचं कुणीच बोललं न्हाई?" पोहे तसेच राहिले, स्थळ गेलं, आणि आक्का आठवडाभर ह्यांच्याशी बोलली नाही.

मग गेल्या वर्षी आक्काचीच बोटं संधिवातानं आखडली. स्वतःची वेणी घालता येईना. डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली, तिचं नाव ऐकून दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच गोळीचे अभ्यास तेव्हा त्यांच्या मांडीवर होते. छापलेलं सगळं गोडगोड. महिनाभर हा माणूस पत्रं धाडत राहिला, आणि न छापलेलंही चांगलंच निघू दे म्हणून देवाला हात जोडताना मी त्यांना पाहिलं.

दोनच उत्तरं आली. दाजी ओसरीवर आक्कासमोर बसले, खाली मान घालून म्हणाले, "गुण हाय. पण ते सांगत्यात त्याच्या निम्मा बी न्हाई."

"म्हंजे थोडा हाय ना?" आक्का म्हणाली. "मग आणा की! मी कुठं लई मागितलं व्हतं?"

आता ती सकाळी उन्हात बसून वेणी घालते, मानेपर्यंत. तिथं बोटं थकली की खालची दाजी घालतात. ती हमखास वाकडी होते, आणि आक्का ती तशीच मिरवत दिवसभर गावात फिरते.