सांडपाण्यावरची कपाशी

कपाशीचं नाव काढलं की अजूनही माझं टाळकं सरकते. साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला म्हणे, अन् इकडं आमची अमरावती येडी झाली. जो तो कापूस, कापूस! आजूबाजूच्या गावायनं भाजीचे मळे मोडून कपाशी पेरली. बाजारात भाजीची काडी दिसेना.

माझं मात्र अडत नव्हतं. घरामागं न्हाणीचं पाणी पाटानं फिरवून मी वाफे केले होते. उकिरड्यातलं मुरलेलं शेणखत घालाचं, मावा पडला का चुलीतली राख भुरकवाची. वांगे, दोडके, मेथी, सारं घरचं. लेक पहिल्या बाळंतपणाले येणार, म्हणून शेपूचा एक वाफा जास्तीचा धरला होता.

मिरगात मी माहेरी दर्यापूरले गेली. परतून पाहाते तं घरधन्यानं सारं उपटून तिथं कपाशी टोबली होती!

"काहून जी?" मी कडाडली.

"भाजीले कोण पुसते आता? सोनं पिकवून राहिलो मी."

"सोनं काय कालवून खासान?"

ऐकते कोण! ते खत अन् रोजचं पाणी पिऊन कपाशी अशी माजली की वळचणीले टेकली. शेजारीपाजारी पाहाले येत, घरधनी मिशीले पीळ देत. पानंच पानं! बोंडं दोन-चार, तेही किडके. जन्म काळ्या मातीत गेला या माणसाचा, अन् एवढं कळू नये? पोट भरलेली कपाशी फळत नसते, बाप्पा!

दसऱ्याले लेक बाळंत झाली. बाळंतिणीच्या ताटात काय, तं कोरडी भाकर अन् पाण्यावानी वरण. तिले दूध उतरेना. लेकरू रडू-रडू निळं पडे. मी पदर खोचला अन् एकेक झाड मुळापासून उपटलं.

"अवं, लोक हासतील!" घरधनी ओरडले.

"हासू द्या! नातवाचं रडणं ऐकू येत नाही, लोकायचं हासणं बरं ऐकू येते तुमाले!"

त्याच दिवशी मी मेथी पेरली. ती खुडाले आली तवर लेकीचं दूध पार आटलं होतं. नातू शेळीच्या दुधावर कसाबसा वाचला.

पुढच्या मिरगाले घरधनी वाफ्यापाशी येऊन म्हणतात, "औंदा कपाशीले खत कमी टाकून पाहू."

माझ्या हातात विळा होता. म्हणली, "वाफ्यात पाय तं टाकून पाहा तुमी."